कुन्नूरपर्यंतच खरी मजा: नीलगिरीच्या वाफेच्या गाडीचं परीक्षण

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करायला हवा. ‘ऊटीची टॉय ट्रेन’ म्हणून सहलवाले जी फेरी घडवतात, ती बहुतेक वेळा ऊटी ते कुन्नूर एवढीच असते. या 19 किलोमीटरच्या टप्प्यात निळे-पिवळसर डबे असतात, चहाचे मळे असतात, केत्तीची दरी असते. नसतं ते फक्त वाफेचं इंजिन. तिथे वायडीएम-4 जातीचं डिझेल इंजिन गाडी ओढतं. वाफेचा टप्पा आहे तो खालचा, म्हणजे मेट्टुपाळयम ते कुन्नूर, सुमारे 27 किलोमीटर. इंजिनासाठी प्रवास करणाऱ्याने खालचा टप्पा सोडून वरचा पकडला, तर पुरणपोळी सोडून नुसती कटाची आमटी वाढून घेतल्यासारखं होतं. आमटी वाईट नसते, पण आपण बसलो होतो कशासाठी?

हे परीक्षण त्या खालच्या टप्प्याचं, आणि त्याहून जास्त तिथल्या एक्स-क्लास इंजिनाचं आहे. भारतात आजही प्रवाशांना घेऊन रोजच्या वेळापत्रकात चढ चढणारी वाफेची इंजिनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यात दातेरी पट्टीवर चालणारं इंजिन हे एकच.

आधी मार्ग. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून साधारण 330 मीटरवर आहे आणि कुन्नूर 1,700 च्या आसपास. पहिले सातआठ किलोमीटर, कल्लारपर्यंत, सुपारीच्या बागांमधून जवळजवळ सपाटीवर जातात. म्हणजे जवळपास सगळी चढण उरलेल्या 19-20 किलोमीटरमध्ये कोंबलेली आहे आणि चढ काही ठिकाणी 12 ला 1 (12 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर) इतका तीव्र होतो. आपल्या माथेरानच्या गाडीचा सर्वांत कडक चढ 20 ला 1 आहे, आणि तो नुसत्या चाक-रुळाच्या घर्षणावर चढता येतो. 12 ला 1 वर मात्र पाऊस, दव किंवा पानांचा चिखल असला की चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. म्हणून इथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या टाकल्या आहेत. ही आब्ट पद्धत. दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांचे दाते मुद्दाम अर्ध्या अंतराने पुढेमागे ठेवलेले असतात. एका पट्टीवरचा दाता सुटत असताना दुसऱ्या पट्टीवरचा पक्का धरलेला असतो, त्यामुळे पकड कधीच पूर्ण सुटत नाही आणि धक्केही कमी बसतात. 1882 मध्ये स्विस अभियंता निकोलाउस रिगेनबाख या मार्गाचा विचार करायला आला होता. मार्ग कुन्नूरपर्यंत सुरू व्हायला 1899 उजाडलं आणि ऊटीला गाडी पोचली 1908 मध्ये. 2005 मध्ये युनेस्कोने दार्जिलिंगच्या जोडीला हा मार्गही जागतिक वारशात घेतला. संपूर्ण 46 किलोमीटरमध्ये 208 वळणं, 250 पूल आणि 16 बोगदे आहेत.

आता इंजिन. एक्स-क्लास ही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याची निर्मिती. पहिली इंजिनं 1914 ते 1925 च्या दरम्यान आली, शेवटची विलायती खेप 1952 मध्ये. चाकांची मांडणी 0-8-2: एकमेकांना जोडलेली आठ चालक चाकं, मागे दोन आधाराची. पाण्याच्या टाक्या आणि इंधन इंजिनावरच, वेगळा टेंडर (इंधन-पाण्याचा जोडडबा) नाही. इथपर्यंत ते कुठल्याही टाकी-इंजिनासारखं आहे. वेगळेपण दिसतं बाजूने बघितल्यावर. नेहमीच्या इंजिनाला दर बाजूला एक सिलिंडर असतो, इथे दोन आहेत, एकावर एक.

खालचे दोन सिलिंडर उच्च दाबाचे. ते चाकं फिरवतात. वरचे दोन कमी दाबाचे, आणि ते फक्त दातेरी चाकं फिरवतात. सपाटीवर खालचेच काम करतात. वाफ त्यातून निघून थेट धुराड्यात जाते. दातेरी टप्पा सुरू झाला की चालक झडप फिरवतो आणि खालच्या सिलिंडरांतून बाहेर पडलेली वाफ फुकट न घालवता वरच्या सिलिंडरांकडे वळवतो. तीच वाफ दुसऱ्यांदा राबते. यात गुणी गोष्ट अशी की ताकद आपोआप वाटली जाते. चाकं घसरायला लागली, तर खालचे सिलिंडर भराभर चालून जास्त वाफ वर ढकलतात, आणि दातेरी चाकांचा जोर वाढतो. वेगळं कुणी काही करावं लागत नाही.

वरचे दांडे दातेरी चाकांशी गिअरने जोडलेले असल्यामुळे खालच्या दांड्यांच्या उलट दिशेने आणि त्यांच्यापेक्षा जलद फिरतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, इंजिन स्वतःशीच भांडतंय. हे दृश्य कल्लार सुटल्यावर दिसतं, त्याआधी नाही, कारण तोवर वरचे दांडे स्वस्थ असतात. त्यामुळे मेट्टुपाळयमच्या फलाटावरच व्हिडिओ काढून मोबाईलची बॅटरी संपवणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

कल्लार हे कान उघडे ठेवायचं ठिकाण आहे. दातेरी पट्टीचं सुरुवातीचं टोक स्प्रिंगवर बसवलेलं असतं. इंजिन त्यावर अगदी गोगलगायीच्या चालीने जातं, कारण दातेरी चाकाचा दाता पट्टीच्या खाचेत बसायला हवा, दात्यावर दाता चढायला नको. स्प्रिंगचं टोक किंचित दबतं, सरकतं, आणि दाते जुळतात. खालून खर्र असा आवाज येतो आणि मग सगळ्या डब्याला एक बारीक थरथर लागते, ती कुन्नूरपर्यंत सोडत नाही. त्याच क्षणी इंजिनाच्या भात्याचा ठेका बदलतो. गाडीचा वेग घटलेला असतो, दातेरी टप्प्यात मर्यादा ताशी 13 किलोमीटरची आहे, आणि तरी ‘छक-छक’ मात्र जलद होते. कारण आता धुराड्यातून निघते ती वरच्या, जलद चालणाऱ्या सिलिंडरांची वाफ. दोनदा वापरून दमलेली असल्यामुळे तिचा आवाजही मऊ असतो. सपाटीवरचे ठोके कडक आणि विरळ, चढावरचे मवाळ आणि दाट. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी कल्लारच्या दोन्ही बाजूंचा आवाज घ्यावा, हा फरक दुसऱ्या कुठल्याही भारतीय इंजिनावर मिळत नाही.

इंजिन गाडीच्या पुढे नसतं, मागे असतं. चढताना ते डबे ढकलतं. कारण सरळ आहे: इंजिन नेहमी उताराच्या बाजूला हवं. जोडणी तुटली तरी डबे इंजिनावर टेकतील, दरीकडे धावत सुटणार नाहीत. पण मग चालकाला पुढचं दिसणार कसं? त्यासाठी प्रत्येक डब्याच्या टोकाशी ब्रेक्समन उभा असतो. सगळ्यात पुढचा रुळांकडे डोळे लावून असतो आणि हिरवं किंवा लाल निशाण दाखवतो, ते पाहून मागचा, मग त्याच्या मागचा, अशी खूण इंजिनापर्यंत पोचते. हातब्रेकही त्यांच्याच ताब्यात. उपग्रहांच्या जमान्यात चार माणसं आणि चार निशाणं यांच्यावर गाडी चालते आहे, आणि चांगली चालते आहे.

याचा बसण्याच्या जागेशी थेट संबंध आहे. पहिल्या वर्गाचा डबा सामान्यतः चढताना सर्वांत पुढे असतो. तिथून दरी, बोगद्याचं तोंड, पुढचा पूल, सगळं आधी दिसतं, पण इंजिन तीन डबे मागे राहतं आणि फक्त मोठ्या वळणांवर दर्शन देतं. इंजिनाचा आवाज, वास, धग हवी असेल तर सर्वांत मागचा डबा घ्यावा. म्हणजे दुसरा वर्ग. इंजिनप्रेमींसाठी स्वस्त तिकीट हेच इथे भारी तिकीट ठरतं. मात्र मागच्या डब्यात खिडकी उघडी ठेवली की डोळ्यांत कण जातात, आणि बोगद्यात काच लावली नाही तर धूर आत येतो. पांढरा सदरा घालून जाऊ नये. जुन्या डब्यांत समोरासमोरच्या बाकांमध्ये गुडघ्याला गुडघा लागतो, नव्या डब्यांना काचा मोठ्या आहेत. शौचालय कुठल्याच डब्यात नाही. ज्येष्ठ माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर ही बाब तिकीट काढण्याआधी लक्षात घ्यावी, कारण कुन्नूरपर्यंत तीन तासांच्या वर जातात आणि पूर्ण प्रवासाला जवळपास पाच तास.

मधले थांबे प्रवाशांसाठी नाहीत, इंजिनासाठी आहेत. त्याला तहान लागते. दातेरी चढावर पाणी भराभर उडतं, म्हणून टाक्या पुन्हा पुन्हा भरून घ्याव्या लागतात. त्यात हिलग्रोव्हचा थांबा सर्वांत उपयोगी. पाणी भरणं, सांध्यांना तेल घालणं, सरकत्या भागांवर हात ठेवून ‘जास्त तापलंय का’ बघणं, हे सगळं डोळ्यांसमोर चालतं. दातेरी पट्टीला वंगण लावलेलं असतं, रूळ ओलांडताना त्यावर पाय देऊ नये. बूट खराब होतात ते एक आणि घसरून पडायला होतं ते दुसरं. हिलग्रोव्हच्या माकडांबद्दल सगळे सांगतात आणि सगळ्यांचे वडे तरी जातातच. खाण्याची पिशवी खिडकीच्या बाजूला ठेवू नये.

आता कोळसा की तेल, या वादाकडे. वाफेच्या इंजिनांचे जुने भक्त म्हणतात की तेलावरचं इंजिन म्हणजे उपासाची बिर्याणी. पण तेलावर जाण्यामागे कारणं होती. भारतीय कोळशात राख भरपूर. लांब चढावर सतत जोराची वाफ मागितली की भट्टीत राख वितळून खंगर बनतो, तो जाळीवर पसरतो आणि खालून येणारी हवा अडते. हवा अडली की आग मंदावते, दाब पडतो, आणि गाडी चढावर उभी करून वाफ ‘बनवायची’ वेळ येते. शिवाय धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्या. उन्हाळ्यात हे सगळं रान वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागू शकतो. म्हणून काही इंजिनं तेलावर वळवली गेली आणि 2011 पासून तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने तेलावर चालणारी नवीकोरी एक्स-क्लास इंजिनं बांधली. एकविसाव्या शतकात सरकारी कारखान्यात नवं वाफेचं इंजिन बांधलं जावं, ही गोष्ट जगात फार ठिकाणी सांगता येणार नाही. पुढे याच कारखान्याने कोळशावरचंही इंजिन बनवलं.

आपल्या गाडीला कुठलं लागलंय हे ओळखणं सोपं आहे. चालकाच्या खोलीच्या मागे कोळशाचा ढीग दिसला तर कोळसा, त्या जागी झाकण असलेली बंद टाकी दिसली तर तेल. आवाजातही फरक आहे: तेलाच्या बर्नरची स्टोव्हसारखी एकसुरी घरघर उभ्या गाडीतही ऐकू येते. कोळशाचं इंजिन उभं असताना जवळजवळ शांत असतं, मध्येच फावडं आणि भट्टीच्या झाकणाचा खणखणाट. तेलावरच्या इंजिनातून काळा धूर निघत असेल तर हवा कमी पडते आहे, पांढरट आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर तेल नीट पेट घेत नाही. फोटोवाल्यांना काळा धूर आवडतो, फायरमनला तो लाज आणतो. हे लक्षात ठेवलं तर ‘अजून धूर काढा ना’ अशी विनंती करावीशी वाटणार नाही.

कुठलं इंजिन मिळेल हे आधी कळत नाही आणि त्यासाठी तिकीट काढूही नये. प्रामाणिक मत: दातेरी यंत्रणेचा चमत्कार दोन्हींत तोच आहे. वास मात्र कोळशाचाच.

फोटोबद्दल आणखी थोडं. धुराड्यातून निघतो तो पांढरा ढग म्हणजे वाफ नसते, थंड हवेत वाफेचं झालेलं पाणी असतं. मेट्टुपाळयमला हवा उबदार असल्याने ढग पातळ दिसतो, गाडी वर चढत जाते तसा दाट होतो. म्हणून चांगले फोटो हिलग्रोव्हच्या पुढे, रनीमीड आणि काटेरी रोड या स्टेशनांच्या बाजूला मिळतात. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम. एप्रिल-मेमध्ये ऊन, गर्दी आणि पातळ ढग.

आणि इथे मराठी माणसाची हमखास चूक होते. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर, म्हणून दिवाळीची सुट्टी आपल्याला कोरडी आणि सुरक्षित वाटते. नीलगिरीच्या या पूर्व उतारावर मोठा पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी वाऱ्यांत. नेमक्या दिवाळीच्या दिवसांत कल्लार-कुन्नूर दरम्यान दरडी कोसळतात, रुळांवर माती, झाडं, दगड येतात, आणि गाडी एक दिवस नाही तर कधी कधी अनेक दिवस बंद ठेवावी लागते. दातेरी पट्टीच्या खाचांत खडी अडकली तरी दाते नीट बसत नाहीत, त्यामुळे नुसता ढिगारा उपसून भागत नाही, पट्टी साफ करून तपासावी लागते. दिवाळीतच जायचं असेल तर परतीचं सगळं वेळापत्रक या गाडीवर टांगू नये. त्या काळात वरचा डिझेलचा टप्पा अनेकदा चालू असतो, म्हणून ‘टॉय ट्रेन सुरू आहे’ असं कुणी सांगितलं तर ‘कुठून कुठपर्यंत?’ हा प्रश्न विचारावा.

आरक्षणासाठी स्टेशनांचे कोड माहीत हवेत: मेट्टुपाळयम एमटीपी, कुन्नूर ओएनआर, ऊटी म्हणजे उदगमंडलम यूएएम. आरक्षण उघडतं त्याच दिवशी सकाळी बसावं, सुट्टीच्या दिवसांची तिकिटं टिकत नाहीत. एमटीपी ते यूएएम भरलेलं दिसलं तर एमटीपी ते ओएनआर शोधून बघावं, आपल्याला हवा तो टप्पा तेवढाच आहे. प्रतीक्षायादीवर भरवसा नको. चारच डबे, रद्द होणारी तिकिटं कितीशी असणार? सकाळी खिडकीवर थोडी अनारक्षित तिकिटं मिळतात, पण पुण्या-मुंबईहून दीड हजार किलोमीटर तेवढ्या आशेवर जाणं शहाणपणाचं नाही.

गाडी मेट्टुपाळयमहून सकाळी 7:10 ला सुटते. चेन्नईहून येणारी नीलगिरी एक्सप्रेस त्याआधी तासभर पोचते आणि तिच्या प्रवाशांसाठीच ही वेळ ठेवली आहे. आपल्याकडून जाणारा माणूस कोइंबतूरला उतरतो. तिथून मेट्टुपाळयम साधारण 35 किलोमीटर. आदल्या रात्री मेट्टुपाळयमलाच मुक्काम करणं सर्वांत बरं, कारण सहाच्या सुमाराला स्टेशनात असलं की इंजिन डब्यांना जोडताना बघता येतं. कुन्नूरला गाडी साडेदहाच्या आगेमागे पोचते. तिथे गाडीची दिशा उलटते, डिझेल दुसऱ्या टोकाला लागतं, म्हणजे डावी-उजवी खिडकी अदलाबदल होते. एक्स-क्लास बाजूला होऊन शेडकडे जातं.

आमचा सल्ला: इथेच उतरावं. कुन्नूरचं शेड स्टेशनाला लागूनच आहे. आत जायला परवानगी लागते, पण बाहेरूनही पाणी भरणं, राख काढणं, एखादं सुटं केलेलं इंजिन दिसतं. ऊटीहून दुपारी दोनला निघालेली परतीची गाडी तीनच्या पुढे कुन्नूरला येते, तिला पुन्हा वाफेचं इंजिन लागतं आणि साडेपाचच्या सुमाराला ती मेट्टुपाळयमला पोचते. उतरतानाही इंजिन उताराच्या बाजूलाच, म्हणजे आता ते पुढे असतं. काम मात्र ओढायचं नाही, अडवायचं. सिलिंडर उलटे राबवून त्यांत हवा दाबली जाते आणि तो दाबच गाडीला रोखतो. दाबलेली हवा तापते म्हणून आत थोडं पाणी सोडतात, त्याची सतत सुस्कारल्यासारखी वाफ निघते. भात्याचे ठोके नाहीत, फक्त लांबलचक हिस्स. शिवाय दातेरी चाकांना स्वतंत्र ब्रेक, व्हॅक्यूम ब्रेक आणि ब्रेक्समनचे हातब्रेक. एकाच फेरीचं तिकीट मिळत असेल तर चढतीचं घ्यावं, उतरतीचा प्रवास यंत्र समजणाऱ्यालाच रंजक वाटतो.

दार्जिलिंगशी तुलना होतेच. तिथली बी-क्लास इंजिनं 1889 पासूनची, दोन फुटी रुळांवरची. पुढे बसून रुळांवर वाळू टाकणारी माणसं, बाजारातून जाणारी गाडी, बतासियाचं वळण. माणसांच्या जवळिकीत दार्जिलिंग पुढे आहे आणि घूमपर्यंतची दोन तासांची फेरी मिळायलाही सोपी. यंत्र म्हणून मात्र एक्स-क्लासची बरोबरी बी-क्लास करू शकत नाही. एक्स-क्लासची खरी भावंडं शोधायची तर स्वित्झर्लंडमधल्या फुर्काच्या घाटात जावं लागेल. विंटरथूरचीच एचजी 3/4 जातीची इंजिनं तिथे चालतात. 1947 मध्ये ती व्हिएतनामला विकली होती, 1990 मध्ये स्विस हौशी लोकांनी ती जंगलातून शोधून परत नेली. फुर्काची गाडी उन्हाळ्याचे काही महिनेच धावते आणि तिकीट स्विस भावाचं.

आपल्या माथेरानची वाफेची इंजिनं 1980 च्या दशकात बाजूला झाली. त्यांतलं 738 क्रमांकाचं दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात थंड उभं आहे. मेट्टुपाळयमला जाताना दिल्लीमार्गे कुणी जाणार नाही, पण ज्याला दोन्ही बघायची असतील त्याने आधी दिल्लीचं बघावं. थंड लोखंड पाहून मग हिलग्रोव्हला उभं राहिलं, की तापलेल्या तेलाचा वास नाकात जास्त शिरतो.